नुसतं हाव म्हण

भांडण बांधावरच्या बाभळीवरून झालं. लोह्याच्या बाजूला आमचं आणि चुलतभावाचं रान एकमेकाला लागून आहे, आणि ते झाड कुणाचं हा वाद बापांच्या काळापासूनचा. त्या सकाळी तो बाभूळ तोडत होता. मी जाऊन त्याला छातीवर ढकललं. तो पडला, उठला आणि कुऱ्हाड फिरवली. पहिला घाव खांद्यात बसला. पळायला वळलो तर दुसरा, कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं, कमरेत. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला आणि पाय गेले. ढेकळात तोंड घालून पडलो. तोंडात माती आणि रक्त. तो डोक्याशी उभा राहून म्हणत होता, "ऊठ की आता. ऊठ." तिसरा घाव मानेवर येणार म्हणून मी डोळे मिटले. तो कुऱ्हाड टाकून पळाला.

गावात मी माळकरी. सप्ताहात वीणा माझ्या गळ्यात असायची. कुणी पिऊन मंडपात आला तर दंडाला धरून बाहेर काढायचा मान माझा. देव आपल्या ओळखीतला आहे असं मला वाटायचं.

नांदेडच्या दवाखान्यात ती ओळख चालली नाही. रोज सकाळी जखमेतली पट्टी ओढून काढत तेव्हा मी आईवरून शिव्या देई. नाम घ्यायला गेलो की चुलतभावाचं नरडं डोळ्यांपुढं येई. विठ्ठल विठ्ठल म्हणता म्हणता मी त्याला मारत होतो, कधी कुऱ्हाडीनं, कधी विहिरीत दाबून. बायकोनं माळ उशाला ठेवली, ती मी भिंतीवर फेकून मारली. मणी खाटांखाली गेले. ती वाकून वेचत बसली.

एका दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली असताना धाकटा भाऊ आला. तो लातूरला डाळमिलमध्ये कामाला. त्याच्या पिशवीत गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता.

"तो जामिनावर सुटलाय. चाकूरला सासरवाडीत जाऊन बसलाय," तो खाली वाकून म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीनं जातो. दादा, तू नुसतं हाव म्हण. बाकीचं मी पाहतो."

मला हाव म्हणायचंच होतं. तोंड उघडलं. पण लघवीची नळी त्याच सकाळी काढली होती, आणि मला कळायच्या आत अंथरूण भिजलं. भावाच्या लक्षात आलं. मी मान फिरवली.

त्यानं पिशवी खाटेखाली ठेवली, माझ्या कमरेखाली हात घातला आणि मला उचललं. कळ डोक्यापर्यंत गेली, मी ओरडलो. त्यानं चादर काढली, मला पुसलं, धोतर बदललं. मारायला निघालेले हात ते हेच. "होतंय, रडू नको," तो म्हणत होता.

तेव्हा मी मनात म्हणालो, देवा, मला त्याला मारायचंच हाय. ह्याच्यापरीस चांगलं माझ्यापाशी काही न्हाई. हेच घे.

उत्तर आलं नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण देवाशी बोललो असं वाटलं. एरवी माझं बोलणं मंडपातल्या लोकांना ऐकू जावं म्हणून असायचं. आता तो अगदी जवळ होता, त्या ओल्या चादरीइतका जवळ.

"जाऊ नको," मी भावाला म्हणालो.

"त्याला सोडायचं?"

"ते मला ठावं न्हाई. तू गेलास तर मला कुशीवर कोण वळवंल?"

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं भिंतीवर बुक्क्या मारल्या. बोटं फुटली, नर्स धावत आली, त्याच्यावर खेकसली. मग तो खाटेच्या पायथ्याशी बसून राहिला. संध्याकाळची गाडी गेली.

आता मी काठीनं चालतो. खटला चालू आहे. तारखेला चुलतभाऊ दिसला की अजून हात शिवशिवतात. माफ केलं असं खोटं मी देवाला सांगत नाही. जमलं नाही, एवढं रोज सांगतो, आणि तेवढ्यावरच आमचं बोलणं होतं.

मागच्या तारखेला कोर्टाच्या पायऱ्या उतरताना माझी काठी सटकली. मागून कुणीतरी दंड धरला. वळून पाहिलं तर तोच. हात झटकावा असं फार वाटलं. झटकला असता तर पडलो असतो. पायऱ्या संपेपर्यंत मी त्याला धरून उतरलो.