चारचौघांतली गोळी

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर बसून तळमजल्यावरच्या बाई आपली गोळी घेत. आजूबाजूला आम्ही सगळे असायचो, शिवाय दूधवाला आणि वॉचमन. एखाद्या नवख्याने विचारलंच, कसली गोळी, तर बाई सांगत, "डिप्रेशनची. तुमची बीपीची असते ना, तशी माझी ही." देवळाली कॅम्पच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. नदीचा उगम सांगावा तशाच सुरात त्या आपला आजार सांगत.

ईशा, निहार, तुम्ही नातवंडांनी त्यांना एकदाच पाहिलंत. सुती साडीवर कॅनव्हासचे बूट पाहून तुम्हाला हसू आलं होतं. मी तुम्हाला दटावलं, पण मनातून मला बरं वाटलं होतं. कोणीतरी त्यांना हसलं, एवढंच पुरेसं होतं.

हेवा वाटण्यासारखं त्यांच्याकडे तसं काही नव्हतं. लग्न केलेलं नाही, घर दोन खोल्यांचं, त्यात पसारा. माझ्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या, चिवडा ताजा, पाहुण्यांसाठी इस्त्रीचे अभ्रे. तरी माझ्याकडे लोक हळदीकुंकवाला येत आणि वेळेवर जात. बाईंकडे येत आणि उठतच नसत. वरच्या मजल्यावरच्या शालिनीताईंची नुकतीच बाळंत झालेली सून माझ्याशी हवापाण्याचं बोलायची, आणि बाईंच्या दारात बसून रडायची. मी जिन्यातून जाता-येता पाहत असे.

बाईंची एक रीत होती. आलेल्या माणसाला त्या काही विचारत नसत. त्याच्या पुढ्यात मेथीची जुडी नाहीतर मटाराच्या शेंगा टाकत. म्हणत, "निवडता निवडता बोला. नाही बोललात तरी चालेल, माझी भाजी तर होईल." दोघं शेजारी शेजारी बसून भाजी निवडत. समोरासमोर बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी समोर बसवणारी. आजोबा रिटायर झाले आणि काही महिन्यांनी त्यांचं वागणं बदललं. पेपर घडी न मोडता पडून राहायचा. दाढी राहून जायची. जेवण म्हणजे चार घास. मी त्यांना डायनिंग टेबलाशी बसवलं आणि म्हटलं, "अहो, काय होतंय ते नीट सांगा." ते म्हणाले, "ॲसिडिटी आहे." मग मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं: फिरणं, प्राणायाम, भिजवलेले बदाम, कोकम सरबत. फोनवर तुम्हालाही आम्ही ॲसिडिटीच सांगत होतो.

आणि अशातच आजोबा खाली जाऊन मटार सोलू लागले. माझ्या घरात ज्यांनी कधी लसणीची पाकळी सोलली नाही, ते बाईंच्या ओट्यावर तासभर शेंगा सोलत बसत. पुढे बाईंना शरणपूर रोडवरच्या डॉक्टरांकडे सोबत म्हणूनही जाऊ लागले. "एकट्या जातात बिचाऱ्या," म्हणाले. माझी दाढ काढली तेव्हा मी रिक्षाने एकटी गेले होते, ती दाढ मला तेव्हा आठवली. शालिनीताईंनी तर जिन्यातच विचारलं, "तुमचे साहेब हल्ली समाजसेवा करतात वाटतं?" मी हसून म्हटलं, "हो ना, आधीपासून आवडच आहे त्यांना." घरात आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

एका सकाळी बाई दारात आल्या. "सुधाताई, माझा पाय सुजलाय. आज साहेबांबरोबर तुम्ही जाल का दवाखान्यात?" त्यांच्या गोळ्या आणायच्या असतील असं समजून मी निघाले. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच निघाले.

दवाखान्यात बाकावर बसलो. कंपाउंडरने पुढचं नाव पुकारलं. ते आजोबांचं होतं.

ते उठले, दारापर्यंत गेले, थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत येतेस?"

आत मी पहिल्यांदा ऐकलं, की आजोबांना कित्येक दिवस सकाळ होऊच नये असं वाटत होतं. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. बाईंना ठाऊक होतं. सोबतीची गरज बाईंना कधीच नव्हती. त्यांची गोळी सगळ्यांना माहीत होती, तेव्हा तिच्या आडोशाने आजोबांना दवाखान्यात जाता यावं, म्हणून त्यांनी आपलं नाव वापरू दिलं होतं.

परतताना मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"त्यांना सांगून मी वर येतो आणि त्या झोपतात," आजोबा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का?"

मला त्यात प्रेम दिसायला हवं होतं, पण हेवाच वाटला. इतके दिवस वाटत होतं, बाईंनी माझे तास दोन तास नेले. आता कळलं, त्यांनी काय नेलं होतं. घरी न जाता मी तशीच त्यांच्या दारात गेले.

"पाय बरा दिसतोय," मी म्हटलं.

"सकाळपासून बराच आहे," बाई म्हणाल्या. "त्यांना म्हटलं होतं, घरी सांगा, नाहीतर मी सांगेन. तोंडून निघेना. मग म्हटलं, दाखवा तरी." आणि त्यांनी माझ्यापुढे मेथीची जुडी टाकली. मी निवडायला बसले. माझ्या काड्या त्यांच्यापेक्षा नीट होत्या, हे मी तेव्हाही पाहिलं.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, की गोळी चारचौघांत कशाला घेता. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात विचारणारं माणूस आहे. माझ्या घरात कोण? मन पडलं की पहिली गोळीच चुकते. बाकावर घेतली की चुकली तर कोणीतरी विचारतं." ते खरंच होतं. एकदा थंडीत बाई बाहेर आल्या नाहीत, तर पेठ तालुक्याकडचा आमचा वॉचमन थेट दार वाजवायला गेला होता. "बाई, गोळी झाली का नाय?"

आजोबांना सावरायला वर्ष लागलं. गोळ्या कमी-जास्त झाल्या, मधे एकदा पुन्हा सगळं बिनसलं. दवाखान्यात मी बरोबर जात होते, पण मटार मात्र खालीच सोलले जात. मी वर टोपलीभर आणून ठेवून पाहिले. पाव टोपलीत त्यांना कंटाळा आला.

गेल्या वर्षी बाई वणीला भाचीकडे राहायला गेल्या. गुडघे थकले होते. जाताना पाण्याची आपली तांब्याची बाटली आजोबांना दिली. मला काही दिलं नाही. रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "आता विचारायचं काम तुमचं."

आता संध्याकाळी आजोबा त्या बाकावर बसून गोळी घेतात. नवख्याने विचारलं तर कसली ते सांगतात. पाणी त्या बाटलीतूनच पितात. ती मी रोज चिंचेने घासते, आणि रोज मला ती थोडी खुपते.

ईशा, मागच्या रविवारी हॉस्टेलवरून केलेल्या कॉलवर तू म्हणालीस, "मी ठीक आहे आजी, फक्त झोप येत नाही." ही ॲसिडिटी मी ओळखते. मला सांग. मी वेळापत्रक करणार नाही, निदान फ्रिजवर लावणार नाही. मला सांगणं जमत नसेल तर आईला सांग, तिथल्या डॉक्टरांना सांग, शेजारच्या खोलीतल्या मुलीला सांग. माझ्याआधी तुझ्या मनातलं तिला कळलं, तर मला तिचा हेवा वाटेल. तो वाटू दे. मला सवय आहे.