चौदा नंबरचं पान कोणाकडे आहे?

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कुसुमताई, वय बावन्न, सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक, राहणार धनकवडी. वेळ: रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. स्थळ: आमच्याच घरातलं कॉम्प्युटरचं टेबल. अन्याय करणारी व्यक्ती अजून मोकाट आहे, ठणठणीत आहे आणि हे लिहिते आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. पाणी, बसची दरवाढ, रस्त्यावरचे खड्डे, विषय कोणताही असो, माझं पत्रक 'किती दिवस सहन करायचं?' असंच सुरू व्हायचं. ही पत्रकं मी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि ते जुनं मशीन दिवसातून तीनदा ऐन संतापात अडकायचं. 'उठा, जागे व्हा' एवढं टाइप झालं, की तेच झोपायचं!

एका शुक्रवारी दादाने त्यात नवी रॅम बसवली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. एका आयटी कंपनीत मशीन दुरुस्तीला होता आणि घरी दिवसाला साधारण अकरा शब्द बोलायचा. त्यातले बरेचसे त्याने त्या रात्री जेवताना एकदम खर्च केले.

"आता याच्यावर विंडोज एक्सपी चालेल. टाकायचं, की अठ्ठ्याण्णवच ठेवायचं?"

"नको," आई म्हणाली. "माझी सूची चालू आहे."

ही सूची काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. आमचं मूळ वर्ध्याकडचं. तिकडून पुण्यात आलेल्या आमच्या बौद्ध कुटुंबांचं एक मंडळ आहे. ते दरवर्षी वधू-वर मेळावा घेतं आणि त्याची एक पुस्तिका छापतं. ती अकरा वर्षं रामटेके काका हाताने लिहून द्यायचे. त्या वर्षी आईने भर सभेत सांगितलं, की यंदा सूची मी कॉम्प्युटरवर करते. काका हसले. "कुसुमताई, हे काही वरणाला फोडणी देणं नव्हे." मग अट घातली: रविवारी संध्याकाळी सहाच्या आत स्वारगेटच्या छापखान्यात सूची पोचली पाहिजे. नाही पोचली तर पुन्हा काकांची सूची, पुढच्या वर्षीही काकांचीच. भरलेले मूळ अर्ज काकांच्या लोखंडी पेटीत. आईने चार रविवार त्यांच्या घरी बसून ते उतरवून घेतले होते. (त्यांनी चारही वेळा एकेक कप चहा दिला आणि दर वेळी "जमतंय ना?" असं विचारलं. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढणार होते. आईने मला हात जोडले.)

तर अशा आईने 'नको' म्हटलं आणि माझं डोकं सणकलं.

"म्हणजे जुनं आहे म्हणून तेच राहू द्यायचं? हीच ती मानसिकता!"

"आईचं मराठीचं सॉफ्टवेअर एक्सपीवर उठेल का, ते विचारावं लागेल," दादा म्हणाला. "टाकून देणारा माणूस गावाला गेलाय. सोमवारी येईल."

"म्हणजे सोमवारपर्यंत जनतेनं थांबायचं?"

"जनता कोण?"

"आपण! मतदान घ्या!"

मतदान झालं. आई अठ्ठ्याण्णवच्या बाजूने. बाबा म्हणाले, "मी तिच्या पक्षात. मला जेवायचं इथंच आहे." दादा तटस्थ. मी एकटी एक्सपी. माझा दोन विरुद्ध एक असा दणदणीत पराभव झाला.

एखाद्या शहाण्या मुलीने इथे ताट उचललं असतं. मी ठरवलं, की आता हा प्रश्न लोकांत न्यायचा! आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज आणि बायोडाटा त्या कॉम्प्युटरवर निघत होते. मग त्यांना कौल द्यायचा हक्क नको?

शनिवारी दुपारी आई ऑफिसात असताना मी पत्रक लिहिलं. 'किती दिवस सहन करायचं? तीन वर्षांची जुनी, गंजलेली व्यवस्था उलथून टाका! नव्या व्यवस्थेसाठी रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये हात वर करा!' कॉम्प्युटरचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात होता. (पहिले तीन परिच्छेद वातावरणनिर्मितीचे असतात, असं संघटनेत आम्हाला शिकवलं होतं.)

कोरे कागद वापरणं आमच्या घरात पाप समजलं जातं. एका बाजूने छापलेले पाठकोरे कागद जपून ठेवायचे आणि दुसरी बाजू वापरायची, ही आईचीच शिस्त. असे कागद फ्रिजवर असायचे. त्या दिवशीही होते. छान बावीस कागद, एका बाजूला छापलेले, त्यावर लाल पेनाच्या खुणा. मी ते उचलले, प्रिंटरला लावले आणि बावीसच्या बावीस पत्रकं इमारतीत, खालच्या दुकानांत आणि कात्रजच्या चौकापर्यंत वाटून आले.

रविवारी नऊ वाजता पार्किंगमध्ये चौदा माणसं आली. मी म्हटलं, "जुनं जाऊन नवं यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!" चौदाही हात वर. मला गहिवरून आलं.

आई तेव्हा मार्केट यार्डात आठवड्याची भाजी आणायला गेली होती. दादाने सीडी हातात धरून विचारलं, "आईला विचारलंस?"

"लोकांनी कौल दिलाय!"

"डिस्क फॉरमॅट होईल. सगळं जाईल. बॅकअप?"

"घेतलाय. सगळं फ्लॉप्यांवर आहे."

खोटं नव्हतं ते. जे काही मला सापडलं, ते सगळं मी घेतलं होतं. मला जे सापडलं ते सगळं माझंच होतं, हे मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी दादाने बटण दाबलं.

साडेबाराला आई दोन पिशव्या घेऊन आली. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. ती दारातच थांबली.

"हे काय आहे?"

"नवी व्यवस्था!" मी म्हटलं.

"माझी सूची उघड."

मी फ्लॉपी घातली. उघडली ती माझी पत्रकं, आणि तीही मराठीत नव्हती; ते सॉफ्टवेअर गेल्यामुळे डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं रांगेत उभी होती. माझ्या चार वर्षांच्या संतापात मधूनमधून पौंडाचं चिन्ह! आणि सूची कुठेच नव्हती. ती आई त्या मराठी सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये ठेवायची, कारण टाकून देणाऱ्या माणसाने तिला तसंच शिकवलं होतं.

आई चिडली की थेट वर्ध्याची होते. "काय करून राहिली तू? कोणाले विचारलं?"

"लोकांना," मी पुटपुटले.

ती खुर्चीवर बसली. कोथिंबिरीची जुडी हातातच होती. दादा भिंतीकडे बघत होता. मग आईने जुडी पिशवीत ठेवली. "जाऊ दे. परवा प्रूफ काढलं आहे. लोकांनी फोनवर सांगितलेल्या दुरुस्त्याही लाल पेनानं त्याच्यावरच केल्या आहेत. छापखान्यातला माणूस बघून टाइप करेल. जा, आण. फ्रिजवर आहे. बावीस पानं."

मला तो 'बावीस' आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

पुढचे चार तास मी जे केलं, ते कोणत्याही चळवळीच्या इतिहासात नसेल. मी माझी स्वतःची पत्रकं दारोदार जाऊन परत मागितली!

पहिल्या मजल्यावर लिमये आजोबांनी दार अर्धंच उघडलं. "पत्रक? हो, आहे. वाचलं की. मागची बाजू. पुढची पहिल्या ओळीनंतर सोडली."

"पण आजोबा, तुम्ही हात वर केलात!"

"मी पाण्याच्या टाकीसाठी केला. गंजलेली, जुनी, नवी आणा, असं आपणच ओरडत होतात. टाकी कधी येते आहे?"

चौदाही जणांनी टाकीसाठीच हात वर केले होते. तेव्हाच्या तेव्हा जमीन दुभंगायला माझी हरकत नव्हती, पण वेळ नव्हता. अडीच वाजले होते.

इस्त्रीवाल्याने तीन पत्रकांत शर्ट गुंडाळून दिले होते. तिन्ही घरांत जाऊन मी शर्ट उघडे पाडले. एका पानावर इस्त्रीचाच ठसा होता, नेमका 'वर क्रमांक अकरा'च्या पगारावर. किराणावाल्याने पुडे बांधले होते. त्यातले दोन गिऱ्हाइकांच्या पिशवीत गेले होते, त्यांना मी रस्त्यात गाठून शेंगदाणे त्यांच्या रुमालात ओतून दिले. कात्रजच्या वडेवाल्याकडचा कागद तेलाने इतका पारदर्शक झाला होता, की दोन्ही बाजू एकदम वाचता येत होत्या. 'गंजलेली व्यवस्था उलथून टाका, उंची पाच फूट सात इंच, एकुलता एक, स्वतःचे घर.'

साडेचारला जेवणाच्या टेबलावर एकवीस पानं होती. आईने ती लावली. तेरा, मग एकदम पंधरा.

"चौदा कुठं आहे?"

चौदा कुठेच नव्हतं. मी पुन्हा दोनदा सगळे मजले चढले. नाही म्हणजे नाही.

"काकांकडे मूळ अर्ज आहेत," बाबा दबकत म्हणाले. "फोन लावू?"

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी फोनपासून एक पाऊल मागे घेतलं. "फोन लावला, तर आयुष्यभर त्याच्या तोंडून ऐकायचं. चौदावर चारच मुली होत्या. मी लिहिते आठवून."

आणि तिने लिहिलं! जन्मतारखा, शिक्षण, गाव, मामाचं आडनाव. पहिल्या तिघींच्या आयांना फोन करून तिने एकेक गोष्ट पडताळूनही घेतली. चौथीची माहिती मात्र तिने फोन न करता, डावा हात आडवा धरून भराभर लिहिली. पाच वाजून गेले होते, म्हणून मी घाईने तो हात बाजूला केला.

चौथी मी होते.

'वय २३. शिक्षण एम. ए. (दुसरे वर्ष). समाजकार्याची आवड. स्वभाव: शांत.'

"हे काय आहे?" माझा आवाज खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेला असणार. "मला न विचारता? माझं नाव? मी या बाजाराच्या विरोधात..."

आईने पेनाला टोपण लावलं. "तू मले विचारून फॉरमॅट मारला का?"

मी पानं पिशवीत भरली.

बस मिळाली. स्वारगेटला मी आणि आई अक्षरशः पळालो. सहाला दहा कमी असताना छापखान्यात शिरलो, तर रामटेके काका घड्याळासमोर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर गेल्या वर्षीची सूची.

"जय भीम, कुसुमताई. जमलं?"

"जय भीम. मोजून घ्या," आई म्हणाली. तिला धाप लागली होती, पण पदर व्यवस्थित होता.

काकांनी एकेक पान उचललं. तेलकट पान वास घेऊन बाजूला ठेवलं. मागचं 'किती दिवस सहन करायचं?' वाचून भुवया उंचावल्या. मग चौदावर थांबले. "हे हाताने लिहिलेलं?" आणि ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "स्वभाव शांत?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती घड्याळाकडे बघत होती. मला एक अख्खं भाषण सुचलं होतं, तीन परिच्छेदांच्या वातावरणनिर्मितीसह. ते मी गिळलं.

"हो, काका," मी म्हटलं. "शांतच आहे."

काकांनी पुढचं एक मिनिट वाट पाहिली. मी शांत राहिले. सूचीतली ती माहिती तेवढी दहा मिनिटंच खरी ठरली, पण छापायला तेवढी पुरली. सूची वेळेत गेली, आई त्यानंतर नऊ वर्षं ती करत होती, आणि सोमवारी आमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा अठ्ठ्याण्णव आलं. या वेळी मतदान घेतलं नाही.

इथे संपायला हवं होतं. पण परवा लसूण सोलता सोलता आई म्हणाली, "त्या हरवलेल्या चौदा नंबरवर मी 'शांत' खोडून लाल पेनानं दुसरा शब्द लिहिला होता. घाईत राहिलं."

"कोणता शब्द?"

"आता काय त्याचं," ती म्हणाली आणि हसत राहिली. आठ दिवस विचारते आहे, सांगत नाही. दादालाही माहीत आहे म्हणे. तोही सांगत नाही!

म्हणून धनकवडी ते कात्रज चौक या भागात राहणाऱ्या प्रत्येकाकडे माझी थेट मागणी आहे. माळे बघा, कपाटाच्या खणात घातलेले कागद उचला, जुन्या वह्यांची कव्हरं सोडवा. पान नंबर चौदा, तळाशी उजवीकडे, लाल पेन. ताबडतोब आणून द्या. पुढची बाजू वाचली नाहीत तरी चालेल. तशीही ती कोणीच वाचली नव्हती.