औंढ्याहून परतलेली कबुतरी

महायुद्धातल्या एका परदेशी कबुतराची गोष्ट मी शेजारच्या चाचांना त्यांच्या स्लॅबवर साभिनय सांगत होतो. छातीत गोळी, एक डोळा फुटलेला, पाय शिरेला लटकलेला, तरी पठ्ठ्यानं वेढ्यातल्या शिपायांची चिठ्ठी पोचवली! आता तो संग्रहालयात काचेमागं एका पायावर उभा. मीही उभा राहून दाखवलं.

"आत काय भरलंय?" चाचांनी विचारलं. आमच्या डोंगरकडा गावात चाचा गाद्या भरून शिवतात.

"पेंढा असंल."

"जान वाचवली अन् बदल्यात पेंढा? वा रे इन्साफ!"

पण त्यांची नजर आभाळात होती. सकाळी त्यांची पांढरी कबुतरी औंढ्याहून सोडली होती. खुराड्यात पिल्लं असली की मादी जीव तोडून परतते, म्हणून मुद्दाम याच दिवसांत पाठवलेली.

आली! आणि तिच्या मागोमाग शिक्रा. दोघं धाडकन आमच्या पायाशी आदळले. शिक्र्यानं तिचा गळा फाडायला घेतला. पिसं उडाली, रक्त माझ्या सदऱ्यावर. मी चप्पल हाणली, ती चाचांच्या कानाला लागली. चाचांनी शिक्र्याला नुसत्या हातांनी ओढून काढलं. त्याची नखं त्यांच्या तळव्यात खोल रुतली. त्यांनी बोंब ठोकत त्याला भिरकावून दिलं.

कबुतरीच्या गळ्याखालची दाण्याची थैली फाटली होती. रक्तात भिजलेली ज्वारी बाहेर सांडत होती. माझी जीभ वळवळलीच. "चाचा, कापूस तर घरातच हाय..."

फाडकन थोबाडीत बसली.

"पकड तिला! मीच पाठवली ना लेकरं सोडून!"

मी पकडली. चाचांनी बारीक सुई लायटरवर तापवली. आधी आतली थैली शिवली, मग वरची कातडी. प्रत्येक टाक्याला ती माझ्या मुठीत तडफडे, आणि चाचांच्या तळव्यातलं रक्त दोऱ्यावरून ओघळे. मग त्यांनी वाटीत पाणी धरलं. ती प्यायली. शिवणीतून एक थेंब बाहेर आला.

"थांब." आणखी एक टाका.

ती पुन्हा प्यायली. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडं डोळे फाडून बघत राहिलो. शिवण कोरडी. पाणी आत राहिलं होतं.

"जगली!" म्हणत मी मूठ सैल केली, तर तिनं पंखाची सणसणीत चपराक माझ्या दुसऱ्या गालावर हाणली आणि तुरुतुरु पिल्लांकडं निघाली. रक्ताळलेला हात पोटाशी धरून चाचा इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.