औशाजवळची विहीर आणि अडीच फूट भिंत

या प्रवासाला निमित्त झाले ते मीच पेन्सिलीने लिहिलेले एक वाक्य: ‘नोंदी अविश्वसनीय. निरीक्षक बदलावा.’

मी मूळचा वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेबतपासणीतून पाणलोटाच्या कामात आलो आणि तिथेच रमलो. बांध घातले, नाले खोल केले, आता त्या गावच्या विहिरींचे पाणी खरोखर वर आले का, हे कागदावर आणि जमिनीवर पडताळून पाहणे हे सल्लागार म्हणून माझे काम आहे. लातूर जिल्ह्यात औशाजवळ एक गाव आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण कामाच्या अहवालातील गाव प्रवासवर्णनात ओळखू येऊ नये. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी चढल्या असताना या गावची विहीर मात्र नोंदींनुसार तीन वर्षांत दीड फूट उतरली होती. हे खरे धरले असते, तर गाव पुढच्या टप्प्यातून वगळले गेले असते. खोटे धरले असते, तर दरमहा पातळी मोजणाऱ्या छायाताईंचे काम गेले असते, आणि कामाबरोबर गावातली त्यांच्या शब्दाची किंमतही. यातले काय खरे हे न पाहता सही करणे मला जमण्यासारखे नव्हते.

फोनवर मी महिन्याची पहिली तारीख सुचवली, कारण आमच्या तक्त्यात तीच छापलेली आहे. त्या म्हणाल्या, “सर, येळवसेला या. मोजायचंच असलं तर त्याच अमावशेला या.” त्यांच्या जुन्या नोंदींच्या तारखाही अशाच पुढेमागे सरकलेल्या होत्या. आणखी एक अनियमितता म्हणून मी तीही टिपून ठेवली.

नाशिकरोडहून दिवसाच्या गाडीने निघालो की संध्याकाळी नांदेडला पोचता येते. आरक्षण आधी करावे, खिडकीची जागा मागावी, आणि मनमाडनंतर गर्दी ओसरली की पाय पसरावेत. स्टेशनजवळच्या साध्या, स्वच्छ लॉजमध्ये मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुदखेड गाठले, तेही रेल्वेनेच. अर्ध्या तासाचा प्रवास आहे. मुदखेडला उतरताच फलाटावर फुलांच्या करंड्या दिसतात आणि ओल्या गोणपाटाचा वास येतो. तिथून जवळच्या एका गावात आमच्याच कार्यक्रमाची दुसरी विहीर आहे. तिची नोंदवही पाहून मी मनापासून सुखावलो. प्रत्येक नोंद पहिल्या तारखेची, अक्षर सुबक, शाई एकसारखी, आकड्यांत कुठे अचानक चढउतार नाही, खाडाखोड नाही. निरीक्षकाची पाठ थोपटली, चहा घेतला आणि दुपारी नांदेडला परतलो.

नांदेड ते लातूर हा रस्ता आता उत्तम झाला आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे टाकत एसटी तीन-साडेतीन तासांत पोचवते. ज्यांना सावकाश जायचे असेल त्यांनी अहमदपूरला उतरावे. स्थानकाच्या उपाहारगृहात सुशीला मिळते. हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाणे घातलेला मराठवाडी नाश्ता आहे. वर लिंबू पिळून मागावे. बाजार समितीकडे निघालेले एक वयस्कर गृहस्थ तिथे माझ्या बाकावर येऊन बसले होते. मांडीवर तुरीची नमुन्याची पिशवी होती. मी काय करतो, असे त्यांनी विचारले. गावोगावच्या विहिरींचे पाणी मोजतो, असे सांगितले. मोजून काय करतो, असे विचारल्यावर लिहून ठेवतो म्हणालो. पिशवी सावरत ते म्हणाले, “मंग बरं हाय. पाण्याला तरी कळत आसंल, आपल्यावर कुणाचं तरी ध्यान हाय.” हे कौतुक होते की टोमणा, याचा निर्णय चाकूर येईपर्यंत झाला नाही.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, याविषयी मी ऐकून होतो. पाहिली कधीच नव्हती. सकाळी लातूरच्या लॉजमधून बाहेर पडलो तेव्हा संचारबंदी लागली आहे असे वाटले. दुकाने बंद, रिक्षा तुरळक, चहाची टपरीसुद्धा झाकलेली. लॉजच्या व्यवस्थापकाने हसत सांगितले की आज लातूर शेतात आहे. ज्यांना शेत नाही त्यांना दुसऱ्याच्या शेतातले आमंत्रण असते. त्या दिवशी जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: औशाची बस नेहमी अर्ध्या तासाला असते, त्या दिवशी ती केव्हा येईल याचा भरवसा नाही, आणि डबा सोबत नेऊ नये, कारण तो कोणी उघडू देत नाही.

पाऊण तास थांबून बस मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा हरभरा, कमरेइतकी ज्वारी, मधूनच पिवळी करडई. प्रत्येक शेतात कडब्याची एक छोटी खोप उभारलेली, समोर माणसे गोल करून बसलेली. औशाला वेळ हाताशी होता म्हणून भुईकोट किल्ल्याचा खंदक आणि दुहेरी तटबंदी पाहून घेतली. सावलीसाठी टोपी न्यावी. पुढे गावापर्यंत वडापची जीप करावी लागते. एरवी ती भरल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि चालकालाही जेवायची घाई होती.

छायाताई पांदीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशीच उभ्या होत्या. वय चाळिशीचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नोंदवही आणि मोजपट्टी. विहीर माधवरावांच्या शेतात आहे. ते सत्तरीचे, गावातले जुने शेतकरी. आम्हाला पाहताच त्यांनी खोपीतून हाक मारली आणि आधी जेवायला बसवले. भज्जी वाढली. हे नाव ऐकून तळलेल्या भज्यांची अपेक्षा करू नये. हिरवे दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेला तो घट्ट, अप्रतिम पदार्थ आहे. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. छायाताई पंगतीत माधवरावांच्या सुनेशेजारी बसल्या. त्यांच्या बौद्ध घरात हा सण नसतो, पण जेवणाचे बोलावणे चुकत नाही, असे त्यांनी मला सांगितले.

जेवताना माधवरावांनी विषय काढलाच. “साहेब, पाणी आमच्या डोळ्यादेखत वर आलंय. अन् हिच्या वहीत ते खाली जाऊन राहिलंय. छाये, आमची विहीर तू कागदावरच आटवलीस की गं.”

पंगतीत हशा पिकला. छायाताई हसल्या नाहीत. “मामा, आंबील घ्या,” एवढेच म्हणाल्या. माधवरावांनी मग गंभीर होऊन माझ्याकडे पाहिले. पोर चांगली आहे, पण मोजायला कुणी शिकलेला माणूस ठेवा, गाव यादीतून गेले तर पुन्हा कोण विचारणार, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या पिशवीतल्या कागदावर पेन्सिलीने नेमके तेच लिहिलेले होते.

विहिरीवर गेलो. छायाताईंनी मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधले, शेवटचे काही फूट खडूने घासून घेतले आणि पट्टी कठड्यावरून आत सोडली. पट्टी पाण्यात बुडते तिथवर खडू भिजतो, आणि भिजलेल्या रेषेवरून पातळीचे अचूक माप मिळते. साडेएकतीस फूट. मी माझी पट्टी काढली आणि स्वतः तीनदा मोजले. तिन्ही वेळा साडेएकतीस. तीन वर्षांपूर्वीच्या येळवसेला त्यांच्या वहीत तीस फूट होते. म्हणजे आजची नोंद अचूक होती आणि पाणी दीड फुटाने उतरले होते. माधवरावांचा चेहरा पडला. मीही, खरे सांगायचे तर, वही मिटायला निघालो होतो.

तारखांचे काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की शेतीची वीज एका आठवड्याला दिवसा असते, दुसऱ्या आठवड्याला रात्री. पहिल्या तारखेला मोटार चालू असली की पाणी तात्पुरते खाली जाते. अमावस्येला मात्र माधवरावांचे घर बैल जुंपत नाही आणि मोटारही लावत नाही. आदल्या दिवसापासून विहीर स्वस्थ असते. “हलत्या पाण्याचं माप कसं घ्यायचं, सर?” त्यांनी विचारले. तक्त्यात पहिली तारीख छापणारा मीच होतो.

मग त्यांनी वहीचे एक जुने पान उघडून माझ्यासमोर धरले. आकड्यांच्या रकान्याबाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिले होते: ‘कठडा अडीच फूट वाढवला. कार्यालयाला विचारले. उत्तर: लिहिले आहे तसेच मोज.’

“सर, मी खोटं लिवलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “पाणी बी खोटं न्हाई. भिंत वाढली.”

कठड्यावर माझे दोन्ही कोपर टेकलेले होते. फायलीतल्या पहिल्या वर्षाच्या छायाचित्रात याच विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा आहे. गुरे आत पडू नयेत म्हणून तो वाढवण्याला मंजुरी मी दिली होती. आणि ‘मोजमाप कठड्याच्या वरच्या कडेपासून घ्यावे’ ही सूचना, तीही शब्दशः, माझीच. दोन्ही कागद माझ्या सहीचे होते. शेजारी ठेवून ते मी कधी वाचले नव्हते. साडेएकतीसमधून अडीच वजा केले की एकोणतीस उरतात. पाणी उतरले नव्हते, एक फूट चढले होते. छायाताईंनी दोन वर्षे माझा नियम तंतोतंत पाळला आणि त्यापायी गावाचे टोमणे ऐकले. त्यांची समासातली नोंद संगणकात चढली नाही, कारण मी आखलेल्या तक्त्यात समासासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

खोपीजवळ परत जाऊन मी सगळ्यांसमोर सांगितले की चूक छायाताईंची नाही, माझी आहे, आणि पाणी एक फूट वर आहे. माधवरावांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “म्हंजी हिनं बरोबरच मोजलं, अन् आमी हिलाच बोलत राहिलो.” छायाताईंनी पिशवी उघडली. वही माझ्या पुढ्यात ठेवली आणि पेन दिले.

“तोंडी नको, सर. वहीत लिवा.”

मी लिहिले. कोणत्या महिन्यापासून कठडा वाढला, त्यापुढच्या प्रत्येक नोंदीतून अडीच फूट का वजा करायचे, चुकीचे कारण काय. खाली सही, नाव, तारीख. त्यांनी ते शांतपणे दोनदा वाचले, माधवरावांच्या सुनेकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि मगच वही पिशवीत ठेवली. निघण्यापूर्वी जुन्या कठड्याच्या पातळीवर, आतल्या दगडावर, लाल रंगाची रेघ ओढून घेतली. ऑइलपेंट माधवरावांच्या घरी होता. बैलांच्या शिंगांसाठी आणलेला. यापुढे माप त्या रेघेपासून धरायचे. भिंत हवी तेवढी वाढो.

परतीला लातूर ते नाशिक थेट बस घेतली. अंबाजोगाई, बीडमार्गे सबंध दिवस जातो, पाठदुखी असेल तर मध्ये मुक्काम करावा. माधवरावांच्या सुनेने बांधून दिलेले उंडे बीडपर्यंत पुरले.

घरी आल्यावर आधी ती पेन्सिलीची ओळ असलेला कागद बाहेर काढला. ती रबराने खोडली नाही. आमच्या शिक्षणात चुकीवर एक रेघ मारतात, चूक वाचता येईल अशी ठेवतात आणि शेजारी सही करतात. तसेच केले. गाव पुढच्या टप्प्यात राहिले आहे. मुदखेडजवळची ती सुबक वही मात्र आता मला त्रास देते. वीज तिथेही आठवड्याला बदलते. मग प्रत्येक पहिल्या तारखेचे पाणी इतके शहाण्यासारखे कसे वागले, हे पाहायला पुन्हा जावे लागेल, आणि या वेळी पाठ थोपटण्याची घाई करणार नाही.

तक्त्यात एक रकाना वाढवला: शेरा. पुढच्या अमावस्येला छायाताईंनी भरलेल्या तक्त्याचे छायाचित्र मोबाइलवर आले. पातळी लाल रेघेपासून मोजलेली होती. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: ‘मोटार बंद. पाणी स्वस्थ. भिंत आहे तेवढीच.’