आधी ‘नाही’ लिहा

एवढा भित्रा आणि एवढा हट्टी माणूस एकाच धोतरात राहू शकतो, हे आमच्या चौथीच्या गुरुजींना पाहिलं नसतं तर मला कुणीही पटवून देऊ शकलं नसतं. गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी त्यांच्या काळज्याच आठवतात. शाळेचं आढं कोसळेल, ही सकाळची काळजी. ते छत्रीच्या टोकाने एकेक वासा ठोकून पाहत आणि तोवर आम्ही बाहेर उन्हात ओळीने उभे असू. माठात पाल पडली असेल, ही दुपारची. पहिला पेला ते स्वतः पीत, मग दोन पाढे म्हणून होईपर्यंत आपल्याला काही होतं का याची वाट पाहत, आणि आम्ही तहानलेले त्यांच्या तोंडाकडे बघत राहू. सुट्टी संपली की मुलं मोजत. एकदा एक मूल जास्त भरलं, तेव्हा ते कमी भरल्यापेक्षाही जास्त घाबरले. कुणाचा तरी मामेभाऊ पाहुणा आला होता, तो भावाबरोबर येऊन बसला होता. शांत असले की गुरुजी पुस्तकातल्यासारखं बोलत आणि घाबरले की वऱ्हाडीत; त्यामुळे त्यांचं पुस्तकी मराठी आमच्या वाट्याला फारसं आलं नाही.

त्या वर्षी त्यांची सर्वांत मोठी काळजी मी होते. गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवी नांदुऱ्याला, चार कोसांवर. तिथे माझी आत्या राहत होती, पण आमच्या गावची एकही मुलगी अजून चौथीच्या पुढे गेली नव्हती, आणि माझ्या वडिलांनी ‘बस झालं आता’ असं दिवाळीतच सांगून टाकलं होतं. मी घरी काही बोलले नाही. मला बोलता येत नसे. मी वाचत असे, एवढंच.

महाराष्ट्र नुकता झाला होता, शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषदेचा नवा रंग होता. विनंतीचं पत्र हा धडा पुस्तकात दोन पानांचा. गुरुजींनी तो वर्षभर पुरवला. त्यांचं म्हणणं असं, की या पोरांना जन्मभर कुणाकडे ना कुणाकडे काही मागावं लागणार, आणि शिकवलं नाही तर ती रडतील नाहीतर भांडतील. त्यांची रीत मात्र उफराटी होती. दोन कागद घ्यायचे. पहिल्यावर समोरच्याचा नकार लिहायचा, त्याच्याच बोलीत, त्याला पटेल असा. तो गुरुजींना खरा वाटला तरच दुसऱ्या कागदावर आपली विनंती. “ज्याले मांगायचं, त्याच्या घरात आधी जाऊन बसा,” ते म्हणत. “तिथून आपण कसे दिसतो, थे पाहा.”

शाळेच्या भिंतीला लागून रहीमचाचा पिंजाऱ्याचं घर होतं. कापूस पिंजायच्या त्यांच्या धनुष्याच्या, पिंजणाच्या, टणत्कारात आमचे पाढे बुडून जात. त्यांना विनंती लिहायची ठरली. आधी नकार लिहिला, आणि तो लिहिता लिहिता निम्मा वर्ग चाचांच्या बाजूला गेला. थंडीच्या आधी गाद्या भरून दिल्या नाहीत तर गिऱ्हाईक खामगावला जाईल, हे आम्हाला इतकं पटलं की शेवटी विनंती एवढीच उरली : दुपारच्या सुट्टीपर्यंत पिंजण मागच्या पडवीत चालवावं. चाचांनी ती वाचून घेतली आणि त्याच दिवशी पिंजण हलवलं. आतापर्यंत सगळे ओरडून गेले, विचारलं कोणी नव्हतं, असं ते म्हणाले. गुरुजींना त्या रात्री झोप लागली नाही म्हणे. पडवीतल्या धुळीने चाचांचा दमा वाढला तर?

मार्चमध्ये गुरुजींनी मला वडिलांना पत्र लिहायला सांगितलं. विनंती अर्ध्या तासात झाली. नकाराला चार दिवस लागले. परक्या गावी पोरगी ठेवून लोक काय म्हणतील, आईला हाताखाली कोण, कापसाच्या वेचणीला कोण, हे सगळं मी ऐकलेलंच होतं. ते लिहून नेलं की गुरुजी म्हणत, अजून खरा नाही. चौथ्या दिवशी मी शेवटी एक ओळ घातली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

कागद माझ्याजवळ हरवतील म्हणून ते स्वतःच घेऊन आमच्याकडे आले. घामाने भिजतील म्हणून रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी छत्रीत. हे सगळं सोडवता सोडवता हात इतके थरथरले, की वडिलांच्या हाती त्यांनी भलताच कागद दिला. वडील दुसरीपर्यंत शिकलेले. वाचायचं तर मोठ्याने, बोट ठेवून. दुसऱ्या ओळीला गुरुजींना कळलं. ते खाटेवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. वडील वाचत गेले. वेचणी, लोक, आईचे हात. मग ती ओळ आली : “तू शिकून आली म्हंजे माह्याशी बोलाले तुह्याजवळ काही राहीन का, याचं मले भेव वाटते.”

वडिलांचं बोट तिथेच होतं.

“हे कोनं सांगतलं तुले?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले.

“भाऊ, कागद चुकला,” गुरुजी दुसरा पुढे करत म्हणाले. “इनंती ह्याच्यात हाये. तो तं नुसता अभ्यास होता.”

“राहू द्या गुरुजी. त्याच्यात काय असन, समजलं मले.” वडिलांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. “शाळा सुरू झाली की मीच नेऊन देतो तिले.”

आतून आई म्हणाली, “गुरुजी, चहा घ्या. पोरगी बरी उभी हाये, तुमीच थरथरून राह्यले.”

जूनमध्ये नांदुऱ्याला वडील आले आणि, कुणी बोलावलं नसताना, गुरुजीही आले. मी शाळेच्या फाटकातून आत गेले. त्यानंतरचं वडिलांनी मला फार वर्षांनी सांगितलं. एसटीची वेळ झाली तरी गुरुजी हलेनात. वडील चला म्हणाले, तर म्हणाले, “भाऊ, पोरीनं एखाद्या वक्ती मांगं पाह्यलं, अन् आपण इथं नसलो तं?” दोघेही दुपारच्या सुट्टीपर्यंत रस्त्यापलीकडे उभे होते.

मी मागे पाहिलं नाही. वर्गाच्या कपाटाला काच होती आणि आत पुस्तकं होती. हे गुरुजींना सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर त्यांना पुन्हा घोर लागला असता, की पोरीने दुपारनंतर तरी मागे पाहिलं असेल का. आणि आपण जरा लवकरच निघालो का.