आठ दिवस

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत नववीत होते आणि खो-खोच्या संघाची कप्तान होते. संघातली सगळ्यात चपळ मुलगी माझी मैत्रीण. तिचे वडील हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होते. ती काटकुळी, पण खांबाला वळसा घालून निघाली की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा.

दिवाळीनंतर सराव संपला की ती बूट काढून पाय चोळत बसू लागली. कॅनव्हासचे ते बूट मोठ्या बहिणीचे, जुने, पुढून निमुळते.

“काहून वं, काय झालं?” मी विचारलं.

तिने पाय पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी हाड सुपारीएवढं वर आलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलला होता.

“लय दुखून राहिलं. पण आईले सांगू नको. माझं खेळणं बंद करन.”

“भोवरी असेल,” मी म्हणाले. भोवरी कशी असते ते मला ठाऊक होतं. ही भोवरी नव्हती. “स्पर्धा होऊ दे, तोवर कळ काढ.”

मग रोज मीच जुन्या ओढणीची पट्टी तिच्या चवड्याला करकचून बांधायचे. मैदानातल्या मधल्या पाटीवर चवड्यांवर बसली की तिचे ओठ पांढरे पडायचे. मला ते दिसायचं, आणि मी मागून येऊन तिलाच खो द्यायचे.

जानेवारीत आम्ही जिंकलो. मुलींनी मला उचललं. वरून मला ती दिसली, खांबाशी बसलेली. नाड्या सोडल्या होत्या, तरी बूट निघत नव्हता.

तिच्या आईने तिला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. रिक्षातून उतरताना आधार द्यायला मीही गेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. “कधीपासून दुखतं?”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. “आठ दिवस झाले.”

“आठ दिवसांत हाड असं सरकत नाही, पोरी.”

तिची आई माझ्याकडे वळली. “तुले माहीत होतं का वं?”

“नाही, काकू,” मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. पुढून रुंद बूट घ्या, म्हणाले. अंगठा आणि शेजारचं बोट यांत कापसाची गुंडाळी ठेवायची, दोन्ही अंगठ्यांत रबर अडकवून हळूहळू ताणायचं, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल उचलायचा, आणि दुखणं थांबेपर्यंत पळायचं नाही. “सरकलेलं हाड आपोआप मागे येत नाही. पण लवकर आलात तर पुढचं पुष्कळ टळतं.”

तिने सगळं मन लावून केलं. पावसाळ्यापर्यंत दुखणं गेलं. पण वडिलांनी खेळायला परवानगी दिली नाही. ती मैदानावर यायची, कडेला आमच्या चपला सांभाळत बसायची. मी पाणी प्यायला दुसऱ्या बाजूने जायचे. मॅट्रिकनंतर लग्न होऊन ती अमरावतीकडे गेली.

मी पुढे शाळेत खेळ शिकवायला लागले. पहिल्या दिवशी मुलींना बूट काढून ओळीने बसवते आणि एकेकीचा पाय हातात घेऊन पाहते. त्या खिदळतात. दर वर्षी एखादी सापडतेच, मग मी तिच्या घरी जाऊन सांगते. लोक म्हणतात, बाई फार जपतात. सराव चालू असताना मागे कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास ओढल्यासारखं वाटतं. मी वळून बघते. बसलेल्या मुली नुसत्या खोची वाट बघत असतात.

ती एकदा बर्डीच्या बाजारात भेटली. सोबतच्या मुलीसाठी चपला घेत होती. “जागा हाय का वं पुढे?” म्हणत बोटाने दाबून बघत होती. मला पाहून हसली, हात धरला. आम्ही उसाचा रस प्यायलो. सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ती सासरचं, शेतीचं बोलत राहिली. मी म्हणाले, “मुलगी उंच निघाली गं तुझी.”

“तुह्यासारखी खेळते,” ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.