बॅटरीनं धरलेलं दार

आमच्या शेजारच्या शास्त्रज्ञाला ही पदवी मीच दिली. एरवी तो झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करतो आणि भंगारातल्या मोटारी, स्प्रिंगा, वायरी उचलून घरी आणतो. लग्न का केलं नाही, हे विचारायची सोय नाही. नवरीला उभं राहायला जागा कुठंय? त्यानं टाळीवर लागणारा दिवा केला, तर तो भिंतीपलीकडून आमच्या यजमानांच्या शिंकेलाच पेटायचा. सर्दीच्या दिवसांत त्याच्या घरी नुसती रोषणाई!

मग त्याच्या आईला विसर पडायला लागला. मावशी भरदुपारी उठायच्या आणि माहेर शोधायला निघायच्या. कुणीतरी ओळखीचं गल्लीतून परत आणून सोडायचं. शास्त्रज्ञाला एकच हवं होतं: आपण कामावर असताना आईनं उंबरठा ओलांडू नये.

त्यानं चौकटीवर विजेचा चुंबक बसवला आणि दाराला लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टीला धरून ठेवणार. दाराबाहेर लावलेल्या डबीला कार्ड टेकवलं की सोडणार. कार्ड एकच, त्याच्या गळ्यात.

"आणि वीज गेली तर?" मी विचारलं.

"तर दार आपोआप सुटतं, वहिनी. आग वगैरे लागली तर माणूस आत अडकू नये ना."

वीज गेली. दार सुटलं. मावशी थेट हमरस्त्याच्या मधोमध सापडल्या, दोन्हीकडे गाड्यांचे भोंगे. त्या दिवशी शास्त्रज्ञाचं तोंड पाहवत नव्हतं. रविवारी त्यानं जुन्या स्कूटरची बॅटरी आणली, घरीच जुळवलेला चार्जर लावला आणि हे दोन्ही चुंबकाला जोडलं.

"आता वीज जाऊ दे नाहीतर राहू दे," तो म्हणाला. "दार हलणार नाही."

पुढं जिन्यात सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. मी एकेका बिऱ्हाडावर आळ घेऊन पाहिला, वरच्या सुताराशी तर भांडलेसुद्धा. तो वास तापून उकळणाऱ्या बॅटरीचा होता, हे कुणाच्या बापाला ठाऊक!

एका दुपारी त्यांच्या दाराखालून धूर आला.

"मावशी, दार ओढा!" मी ओरडले.

आतून शांत आवाज आला, "ओढलं गं. ते धरून ठेवतंय."

शास्त्रज्ञाला फोन केला आणि खाली धावत जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले, लोक ओरडले. दार तस्संच. बॅटरी इमान राखून होती.

तो पळत आला. कार्ड टेकवलं. डबी मेलेली. पुन्हा टेकवलं, पुन्हा, पुन्हा. "वायर जळली," तो पुटपुटला. शेवटी सुतारानं पहार घातली आणि पट्टी स्क्रूंसकट उखडली. धुराचा लोट अंगावर आला. चौकटीशेजारी बॅटरी बेडकासारखी फुगून फुसफुसत होती.

मावशी उंबरठ्यापासून हातभर अंतरावर, पदर नाकाला लावून उभ्या.

"आई, चल! बाहेर ये!"

"ते उघडत नाही."

"उघडलंय, बघ ना!"

त्यांनी उघड्या दाराकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "नाही हो. माझा मुलगा संध्याकाळी येतो, तेव्हाच उघडतं."

त्यानं त्यांना अक्षरशः उचलून बाहेर आणलं. जिन्यात बसवलं तरी त्या खोकत म्हणत होत्या, "ह्यांना सांगा कुणीतरी. माझा मुलगा रागवेल."

चुंबक आता भंगारात गेलाय. दार दिवसभर सताड उघडं असतं आणि मावशी कुठंही जात नाहीत. शास्त्रज्ञ कामावरून आला की आधी माझ्याकडं पाहतो. मी मान हलवते, आजही बाहेर पडल्या नाहीत. मलाही हल्ली थट्टा सुचत नाही.

काल मी त्यांचा हात धरला. "चला मावशी, जिन्यापर्यंत फिरून येऊ."

उंबरठ्याशी त्या थांबल्या. मोकळ्या हवेवर तळवा टेकवला, जरा जोर लावला आणि म्हणाल्या, "बंद आहे गं."